वाऱ्याच्या तोंडावर

मुंबई बंदरात शर्यतीची जुनी होडी बाळगणारे जे गृहस्थ असतात, त्यांची खरी तक्रार होडीविषयी नसून वाऱ्याविषयी असते. आणि हिवाळ्यातल्या दुपारी वायव्येकडून येणारा तो वारा, ज्या खुणेला वळसा घालावयाचा नेमका तिच्याच बाजूने अंगावर यावा, यात त्यांना हेतुपुरस्सर खोडसाळपणा दिसतो. शिडाची कोणतीही होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन राखून नागमोडी वळणांनीच तिला वर चढावे लागते, हे त्यांस पुरते ठाऊक असते. त्यांचे म्हणणे एवढेच, की शेजारच्या होडीचे पंचेचाळिसांत भागते आणि आपल्या होडीला पन्नास लागतात, हा उघड पक्षपात होय.

होडी एन्टरप्राइझ वर्गाची. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फुटांची, निळ्या शिडांची. या पक्षपाताची चौकशी खालून सुरू होते. सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारा फळा, आपल्या खाचेत खुळखुळतो, सबब पट्ट्या ठोकून त्याचा बंदोबस्त होतो, आणि त्याची कड काचकागदाने इतकी घासली जाते की तो पुढल्या मोसमापर्यंत शिल्लक राहील की नाही याची घरच्यांस धास्ती वाटावी. मग डोलकाठीचे ताण आवळले जातात. कारण पुढच्या शिडाची आघाडीची कड ढिली पडून बाजूला झुकली, की होडी वाऱ्याकडे तोंड करावयास कुरकुरते. प्रत्येक फेरफाराची नोंद रोजकीर्दीत, मिलिमीटरांत होते.

होडी कलली की ती आपण होऊनच वाऱ्याकडे वळू पाहते, तिला आवरण्यासाठी सुकाणू ओढून धरावे लागते, आणि असे तिरके धरलेले सुकाणू पाण्यात गतिरोधकाचेच काम करते. म्हणून कोणीतरी काठाबाहेर शरीर झोकून होडी सपाट राखणे अगत्याचे असते. हे तत्त्व ते फार प्रासादिक वाणीने समजावून सांगतात. अंमलबजावणी पुतण्याकडे असते. सुकाणूधाऱ्याचे चित्त आणि आसन, दोन्ही अविचल असावीत, असा त्यांचा सिद्धान्त आहे.

मूळ दुखणे मात्र शिडात आहे. कापड वर्षानुवर्षे ताणले जाऊन सैलावले, त्याचा फुगवटा मागे सरकला, आणि आता ते होडीला पुढे ओढण्यापेक्षा आडवे ढकलण्यातच धन्यता मानते. नव्या शिडांचा अर्ज पुतण्याने एकदा अदबीने गुजरला, तो तत्काळ नामंजूर झाला.

“अरे, १९८२ च्या आशियाई खेळांत याच बंदरात, याच वर्गात, तारापोर आणि करंजिया यांनी सुवर्णपदक मिळविले! हे शीड त्या काळचे आहे.”

“होय काका,” पुतण्या बाहेर लोंबकळत म्हणाला, “पण त्या शर्यती आपण धक्क्यावरून पाहिल्या होत्या ना?”

“तू आणखी जरा बाहेर झुक,” काका म्हणाले.