डोंगलकाका

डोंगलकाका हा बेळगाव-निपाणी पट्ट्यात आढळणारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी जाऊन कीबोर्ड, माउस आदी उपकरणांवर विनामूल्य उपचार करणारा प्रौढ गृहस्थ होय. संगणकाचे दुकान असलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. तो 'ठेवून जावा, उद्या बघू' म्हणतो आणि बिल करतो; डोंगलकाका आजच बघतो आणि चहा घेतो. पोटासाठी तो पतसंस्थेत कारकुनी करतो, हायस्कुलात गणित शिकवतो किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीतून निवृत्त झालेला असतो. बेळगावातल्या टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत तो गल्लीगणिक सापडतो. एकाच गल्लीत दोन निघाले तर त्यांचे एकमेकांशी बोलणे नसते. खिशाला पेन आणि पेनाशेजारी छोटा स्क्रू ड्रायव्हर ही त्याची ओळख. या जातीत स्त्रिया आढळत नाहीत. ज्या बाईला यातले कळते ती सेल बदलते आणि कामाला लागते. तिच्याभोवती चार माणसे जमत नाहीत.

त्याचा अधिकार जुना आहे. 1990च्या दशकात टायपिंग इन्स्टिट्यूटांच्या पाट्यांवर 'कॉम्प्युटर' हा शब्द चढला, तेव्हा त्याने तिथे कोर्स केला. त्या काळी कीबोर्ड आणि माउस आयबीएमने 1987 साली आणलेल्या पीएस/2 पद्धतीच्या गोल पिनेने जोडत. दोन्ही भोके सारखीच दिसत; पुढे कीबोर्डला जांभळा आणि माउसला हिरवा रंग ठरला. पीन जोर लावून बसवली तर आतले पाय वाकत, आणि चालू संगणकात खोचली तर तो पुन्हा सुरू केल्याशिवाय दाद देत नसे. या तपश्चर्येतून गेलेल्या माणसाला 1996 साली आलेली यूएसबी पोरखेळ वाटते. यूएसबी घडवणाऱ्या मंडळींत आघाडीवर असलेले इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. बडोदा गायकवाडांचे, म्हणजे यूएसबीवर थोडा हक्क आपलाही पोहोचतो, असे डोंगलकाकाचे म्हणणे असते. मग ती पहिल्या खेपेला उलटीच का लागते, असे कुणी विचारले तर 'ते अमेरिकेत बिघडलं' हे उत्तर तयार असते.

वायरलेस कीबोर्ड या भागात बहुधा भेट म्हणून येतो. सीमाभागातल्या घरात एक लेकरू पुण्याला आणि दुसरे बेंगळुरूला असते. दोघांनाही आईवडिलांच्या टेबलावरचा वायरींचा गुंता बघवत नाही. दिवाळीला खोके येते. माहितीपुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते आणि कीबोर्डवर प्लॅस्टिकचे कव्हर चढते. पुढे कधीतरी तो बंद पडतो. हे बंद पडणे दोन हंगामांत विशेष दिसते. एक हिवाळ्याचा, जेव्हा कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशा गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांच्या पत्रिका आणि स्वागताध्यक्षांची भाषणे टाइप व्हायची असतात. दुसरा प्रवेशाचा, जेव्हा एकाच पोराचे कर्नाटकच्या सीईटीचे आणि महाराष्ट्राच्या सीईटीचे असे दोन्ही अर्ज शेवटच्या रात्री भरायला काढलेले असतात.

बोलावणे फोनवर येते. "काका, कीबोर्ड चालेना झालाय." यावर डोंगलकाका "बघूया की" म्हणतो, 'येतो' म्हणत नाही. पण दहा मिनिटांत चपला दाराशी वाजतात. आल्यावर तो उपकरणाला हात लावत नाही, आधी जबानी घेतो. घरमालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते: "मी कायबी केलो नाही, आपोआप बंद पडलं." संगणकाच्या बिघाडात आजवर कोणत्याही घरात कुणी काहीही केलेले नाही. नातवाने शिफ्टवर पाटी ठेवलेली नसते, कामवाल्या बाईने पालथा करून पुसलेला नसतो, आणि रिमोटसाठी कीबोर्डातले सेल काढून घेणारे आजोबा तर त्या वेळी देवळात असतात.

खरे दुखणे बहुतेक वेळा तीनपैकी एक असते: सेल संपलेले असतात, पोटावरचे बटण बंद असते किंवा डोंगल, म्हणजे बिनतारी संदेश झेलायला संगणकात खोचायचा तुकडा, जागेवर नसते. वायरलेस कीबोर्ड इतकी कमी वीज खातो की चांगले सेल वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालतात. तेवढ्या काळात त्यात सेल असतात हेच घर विसरते. माउसचे सेल लवकर उतरतात, म्हणून त्याची आठवण राहते. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्ज करता येणारा निकेलचा 1.2 व्होल्टचा; दुसऱ्या प्रकारावर काही कीबोर्ड सेल भरलेले असतानाच संपल्याची सूचना देतात. काटकसरी घरात एक नवा आणि एक जुना सेल घालण्याची रीत आहे. त्यात जुना सेल आधी मरतो आणि नव्याच्या रेट्याने फुटून गळू लागतो. अल्कलाइन सेलातून गळणारा द्रव क्षारधर्मी असतो, त्यामुळे स्प्रिंगवर साचलेला पांढरा थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने फेसाळून निघतो. हा प्रयोग डोंगलकाका स्वयंपाकघरातून अर्धे लिंबू मागवून सर्वांसमक्ष करतो. बेळगावच्या पावसाळ्यात, कपाटातली पुस्तकेही ओली लागतात त्या दिवसांत, स्प्रिंगा नुसत्या दमट हवेनेही काळवंडतात. तिथे पेन्सिलीचा खोडरबर पुरतो.

पोटावरचे बटण बंद आहे हे त्याला आत शिरताच कळलेले असते. पण ते सरकवून तो लगेच उठला, तर घरमालक पाच सेकंदांच्या कामासाठी दुसऱ्याला बोलावणारा ठरतो, आणि काका पाच सेकंदांचे काम करणारा. दोघांचीही अब्रू जाते. म्हणून तो कीबोर्ड उचलतो, उजेडाकडे धरतो, कानाशी हलवतो, "हं" म्हणतो, 'सीपीयू' पुढे ओढायला लावतो आणि त्या गडबडीत अंगठ्याने बटण सरकवतो. यानंतरची अर्धी घटका संगणक बंद-चालू करण्यात, धूळ झटकण्यात आणि मागच्या वायरींना नावे ठेवण्यात जाते. शेवटी अक्षरे उमटतात, तेव्हा निदान सांगितले जाते: "सिग्नल बसला होता." घरमालक मान डोलावतो. काय झाले होते हे त्यालाही थोडेसे उमगलेले असते, पण तो विचारत नाही. गल्लीतले दुकान या कामाला पैसे घेऊनही ही अब्रू राखू शकत नाही; तिथला मुलगा गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, "अहो, बंद होतं की हे!"

डोंगल ही नखाएवढी वस्तू. माउसच्या पोटात, सेलाशेजारी तिच्यासाठी खाच केलेली असते. ती खाच असल्याचे कळेपर्यंत सोफ्याच्या गाद्या निघालेल्या असतात. दुसऱ्या कीबोर्डाचे डोंगल याला चालत नाही, कारण जोडी कारखान्यातच जमवलेली असते; एकाच डोंगलवर अनेक उपकरणे घेणाऱ्या कंपन्या मोजक्या.

सेल नवे, बटण चालू, डोंगल जागेवर, आणि तरीही अक्षरे उड्या मारत येतात, तेव्हा डोंगलकाकाला खरा आनंद होतो. ही उपकरणे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. घरचा वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही वस्ती तिथेच. भारतात 2005 पासून या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे बाजाराच्या दिवशीची गणपत गल्ली झालेली आहे. त्यात निळ्या जिभेची यूएसबी 3.0 स्वतःच या पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलने 2012 साली हे मोजून प्रसिद्ध केले. पत्र्याचा सीपीयू टेबलाखाली, डोंगल मागच्या निळ्या भोकात, शेजारी जोडलेली हार्ड डिस्क, मागे भिंत आणि वर सागवानी फळी, अशी रचना असली की कीबोर्ड 'नमस्कार' मधला म खातो. उपाय साधा: डोंगल पुढच्या काळ्या भोकात घालावे किंवा हातभर एक्स्टेन्शन वायरीने टेबलावर आणावे. बेळगावात हे पटवायला वेळ लागतो. निपाणीत लहरी सीमा पाळत नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. गाव कर्नाटकात, देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. रोमिंगला पैसे पडत त्या काळात पोरे लेक्चरला बसली की मोबाइल परराज्यात जाई.

निपाणीचा डोंगलकाका आणखी एका बाबतीत वेगळा आहे. विडीच्या तंबाखूच्या पेढ्यांवरचे कीबोर्ड त्याच्याकडे येतात. बटणांखाली रबराच्या टोप्या आणि त्याखाली तीन पातळ पापुद्रे असतात. वरचा पापुद्रा दबून खालच्याला टेकला की अक्षर उमटते. या टोप्यांभोवती तंबाखूची भुकटी बसली की 'अ' दाबला तरी दबत नाही आणि दबला तर उठत नाही. कीबोर्ड पालथा करून थोपटणे हा मान्य उपाय. नवखा डोंगलकाका त्याऐवजी फुंकर मारतो, आणि त्यानंतरचा काही काळ पेढीवर शिंकांशिवाय काही ऐकू येत नाही. चहा सांडलेला कीबोर्ड मात्र वेगळे प्रकरण. साखर पापुद्र्यांत शिरून सुकते. सेल काढून, दोन दिवस उलटा ठेवूनही बरेचदा काही अक्षरे चिकटलेलीच राहतात. बिनसाखरेचा चहा सांडला असता तर वाचला असता, असे डोंगलकाका म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण घरातल्या मधुमेही माणसाकडे बघून म्हणू नये एवढे त्याला सुचत नाही.

सीमाभागाचा खास आजार भाषेचा. इथल्या एकाच कीबोर्डाला महापालिकेचा अर्ज कन्नडमध्ये, संमेलनाची पत्रिका मराठीत आणि सीईटीचा फॉर्म इंग्रजीत काढावा लागतो. संगणकात तिन्ही भाषा घातलेल्या असतात, आणि विंडोजचे बटण व स्पेस एकदम दाबले गेले की भाषा बदलते. हे जुळे दाबणे पुसताना सहज घडते. मग निवृत्त मुख्याध्यापक वृत्तपत्राला पत्र लिहायला बसतात आणि पडद्यावर गोल गोल कन्नड अक्षरे उतरतात. घरात लगेच शोध लागतो की कीबोर्ड बेंगळुरूच्या मुलाने घेतलेला आहे. पुण्याच्या मुलाने घेतला असता तर हे झाले नसते, असे एक मत पडते. बेंगळुरूच्या धाकट्या सुनेचा चेहरा उतरतो. डोंगलकाका दोन बटणे दाबून मराठी परत आणतो, पण जाता जाता त्यातली मौज सांगितल्याशिवाय राहत नाही. भारतीय मानक ब्युरोने 1991 साली मान्य केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत सगळ्या भारतीय लिप्यांची समान अक्षरे एकाच बटणावर आहेत. इंग्रजी 'के'वर मराठीत क, कन्नडमध्येही क. 'जे'वर दोन्हीकडे र. शिफ्ट धरून 'एन' दाबले की दोन्हीकडे ळ येतो. 2014 साली सरकारी नाव बेळगावी झाले, पण मुख्याध्यापक ठासून 'बेळगाव'च टाइप करतात. आणि भाषा चुकून कन्नड असली तरी त्या लिपीत अक्षरे उमटतात ती बेळगावचीच. यावर मुख्याध्यापक पहिल्यांदा हसतात.

हातातून घडणाऱ्या खोड्या आणखी दोन आहेत. उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिले की 'फिल्टर कीज' नावाची सोय सुरू करायची का, असा प्रश्न पडद्यावर येतो. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ती केलेली आहे: ओझरता स्पर्श मोजू नये, दाबून ठेवलेलाच मोजावा. प्रश्न न वाचता 'येस' म्हणणाऱ्या घराला कीबोर्ड एकाएकी म्हातारा झाल्यासारखे वाटते. शिफ्ट पाच वेळा दाबले की 'स्टिकी कीज' येते. ती लहान मुलांमुळे येते. माउसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. त्याच्या पोटातला कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारावर छायाचित्रे घेऊन सरकण्याचा हिशेब करतो. काचेच्या टेबलावर त्याला टिपायला काही सापडत नाही. खाली दैनिकाची घडी घातली की चालतो.

ब्लूटूथ कीबोर्ड डोंगलकाकाला मनातून आवडत नाही, कारण त्यात काढण्या-घालण्यासारखे काही नसते. पडद्यावर सहा आकडे येतात. ते नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे असते. बहुतेक घरे ते आकडे कागदावर उतरवून काकांची वाट बघतात.

प्रिंटरविषयी त्याचे धोरण सरकारच्या सीमाप्रश्नावरच्या धोरणासारखे आहे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रिंटरही डोंगलकाकाच्या लेखी तसाच न्यायप्रविष्ट असतो. 'ऑफलाइन' असे दिसले तर तो एकदा बंद-चालू करतो, प्रिंट स्पूलर ही सेवा थांबवून पुन्हा सुरू करतो, आणि तरीही कागद हलला नाही तर अचानक त्याला घरी पाहुणे आल्याचे आठवते.

त्याचा प्रतिस्पर्धी म्हणजे घरमालकाचा पुण्यात बसलेला भाचा. तो एनीडेस्क लावून तिथूनच सगळे नीट करतो म्हणतो. परंतु त्याला आत घेण्यासाठी इकडे माउसने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबावे लागते, आणि बंद पडलेला असतो तो माउसच.

डोंगलकाका रोख घेत नाही. चहाबरोबर चिवडा, सणाच्या आसपास कुंदा, उसाच्या हंगामात गुळाची ढेप असे मानधन चालते. नव्या सेलांचे पैसेही तो "राहू द्या की" म्हणून एकदा नाकारतो आणि दुसऱ्यांदा घेतो. उतरलेले सेल मात्र न विसरता खिशात टाकतो; कीबोर्डला न पुरणारा सेल भिंतीवरचे घड्याळ बराच काळ चालवतो. त्याच्या घरातली सगळी घड्याळे गल्लीच्या उतरलेल्या सेलांवर चालतात, आणि त्यांतल्या कोणत्याही दोनांत एकच वेळ सापडत नाही.