शेअरिंगवाले भाऊ

शेअरिंगवाले भाऊ दोनदा येतात. पहिल्यांदा न बोलावता, अपग्रेड करायला. दुसऱ्यांदा बोलावल्यावर, अपग्रेडमुळे बंद पडलेलं चालू करायला. चहा दोन्ही वेळा आपला, व्हिजिट चार्ज मात्र फक्त दुसऱ्या खेपेचा. या हिशेबात काही गैर आहे असं त्यांना कधी वाटलेलं नाही. आम्हालाही बोलवत नाही, कारण पहिल्या खेपेला ते इतक्या भक्तिभावानं आलेले असतात की तिथं पैशाचा विषय काढणं बरं दिसत नाही.

हा माणूस छत्रपती संभाजीनगरात तुम्हाला कुठंही भेटेल. औरंगपुऱ्यात डीटीपीवाल्याच्या टेबलाखाली, समर्थनगरात सीएच्या ऑफिसातल्या स्टुलावर, चिकलठाण्याला एखाद्या गोडाऊनमधल्या यूपीएसमागे. पण त्याचं खरं राज्य वाळूजला. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला, त्याच्या आसऱ्यानं सुटे भाग करणाऱ्या शेड उभ्या राहिल्या. मग शेड तिथं ऑफिस, ऑफिस तिथं चार कॉम्प्युटर आणि चार कॉम्प्युटर तिथं एक भाऊ, असं ठरूनच गेलं.

वय पंचेचाळिशीच्या पुढचं. पाठीला सॅक, सॅकमध्ये क्रिम्पिंगची पक्कड, केबल टेस्टर, फरसाणाच्या रिकाम्या बरणीत भरलेले आरजे-४५ जॅक, आणि एक नेटवर्क कार्ड, ज्याच्याविषयी पुढे सांगतो. टी-शर्टावर लिनक्सचा पेंग्विन असतो, पण धुऊन धुऊन तो आता श्राद्धाच्या कावळ्याकडे झुकलेला आहे. बोलताना भाऊ समोरच्याकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. घरीही असंच असावं, असं वहिनींच्या फोनवरच्या आवाजावरून वाटतं.

नव्वदच्या दशकात 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. डाउनलोड नावाचा प्रकार परवडण्याजोगा नव्हता, त्यामुळे ती सीडी म्हणजे प्रसाद. सिडकोतल्या एका खोलीत रात्र रात्र जागून भाऊंनी ती घासली. पुढे चोरीच्या विंडोजवर धाड पडते अशी हवा वाळूजमध्ये पसरली तेव्हा भाऊंनी दोन वाक्यांत निम्मी एमआयडीसी जिंकली: "शेठ, फुकट आहे. आणि व्हायरस येत नाही." ही दोन्ही वाक्यं बऱ्यापैकी खरी आहेत. तिसरं वाक्य त्यांनी सांगितलं नाही, आणि शेठनी विचारलं नाही.

तिसरं वाक्य असं, की शेडमधलं सगळंच काही लिनक्सवर जात नाही. वायरकट मशीनला जोडलेला एक कॉम्प्युटर असतो, त्याच्यावर विंडोज एक्सपी असतं आणि ते तसंच राहणार असतं. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा पाठिंबा थांबवला. मशीनला हे कुणी कळवलेलं नाही. ते अजून मायक्रॉनमध्ये माल कापतं. नवीन कंट्रोलर बसवायचा तर जी किंमत सांगतात तिच्यात एका मुलीचं लग्न होईल, असं शेठ म्हणतात. म्हणून एक्सपी जागेवर, त्याच्यातलं एक फोल्डर शेअर केलेलं, आणि ऑफिसातल्या लिनक्सनं रोज ते फोल्डर आपल्याकडे जोडून घ्यायचं, अशी सोयरीक भाऊंनी जमवून दिलेली असते. ती टिकते. पुढच्या अपग्रेडपर्यंत.

सकाळी बिलिंगच्या मॅडम फोन करतात. "भाऊ, फोल्डर उघडत नाहीये."

"मी काहीच नाही केलं हो. कर्नल अपग्रेड झालं फक्त."

(कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा.) 'झालं' हे क्रियापद भाऊ अवकाळी पाऊस झाला याच चालीवर वापरतात. त्यात कर्ता नसतो. आदल्या संध्याकाळी सहा वाजता खुर्चीत बसून, आदेश टंकून, वर 'येस' दाबून जो इसम निघून गेला त्याचा या वाक्यात कुठंही मागमूस नाही.

मग ते येतात. आधी केबल हलवून बघतात. केबलचा काही दोष नसतो हे त्यांना माहीत असतं, पण डॉक्टर नाडी धरतात तशी ही रीत पाळावी लागते. नंतर पिंग. पिंग जातं, उत्तर येतं, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर अर्धं काम झाल्याचं समाधान पसरतं. त्यानंतर फोल्डर जोडायचा आदेश देतात आणि पडद्यावर इंग्रजीत उमटतं: माउंट एरर ११२, होस्ट इज डाउन.

होस्ट म्हणजे तो एक्सपी. तो चार पावलांवर बसलेला असतो, पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ घेऊन. पंख्याचा घरघर आवाज इथपर्यंत येतो. डिस्पॅचचा पोरगा मान वाकडी करून बघतो आणि म्हणतो, "डाउन कायकू बोल रा भाऊ? चालू तो है सामने. कल तक तो चल रा था."

"चालू आहे हे तुला दिसतंय," भाऊ शांतपणे सांगतात, "कर्नलला नाही दिसत."

याच्यानंतर प्रवचन. माल गाडीत भरलेला असतो, ई-वे बिल निघायचं असतं, ड्रायव्हर दारात तंबाखू मळत उभा असतो, पण प्रवचन चुकत नाही. सार असं: दोन कॉम्प्युटरांनी फायली वाटून घ्यायच्या तर आधी कोणत्या बोलीत बोलायचं ते ठरवावं लागतं. सगळ्यात जुनी बोली एसएमबी-१. एक्सपीला तेवढीच येते. तिच्यात एक भोक निघालं आणि मे २०१७मध्ये त्या भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला, ब्रिटनमधल्या इस्पितळांची कामं अडली, आणि मायक्रोसॉफ्टला पाठिंबा काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा घाईघाईनं ठिगळ द्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या. त्यानं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. इथं शेठ पहिल्यांदा कान टवकारतात, कारण जेएनपीटी म्हटलं की कंटेनर आठवतो.

"म्हणून," भाऊ पुढे सांगतात, "लिनक्सवाल्यांनी कर्नल ४.१३मध्ये ठरवलं, आपण होऊन एसएमबी-१ बोलायचं नाही. एसएमबी-३ बोलायचं. आता नवीन कर्नल एसएमबी-३मध्ये हाक मारतंय, एक्सपीला कळत नाही, तो गप्प बसतो. गप्प बसला की कर्नल समजतं, मेला."

हे कर्नल ३ सप्टेंबर २०१७ला बाहेर पडलं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते जाहीर करणाऱ्या पत्रातच या बदलाकडे मुद्दाम लक्ष वेधलं होतं. त्याच पत्रात, त्या आठवड्यात मुतखड्यानं सात तास जीव नकोसा केल्याचंही त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. हा तपशील भाऊ घरच्या माणसाविषयी सांगावा तशा कळवळ्यानं सांगतात. हुलग्याचं कढण घ्यायला पाहिजे होतं, असंही मत देतात.

"मुतखडा त्यांना झाला," शेठ घड्याळाकडे बघत म्हणतात, "कळा आम्हाला का?"

उत्तर न देता भाऊ एफएसटॅब नावाची फाइल उघडतात, जोडणीच्या ओळीत 'व्हर्स बरोबर १.०' एवढं घालतात, आणि फोल्डर उघडतं. दोन मिनिटांचं काम. त्या ओळीच्या वर ते एक शेरा टाकतात: 'तात्पुरतं'. पुढे तारीख. वाळूजमधल्या कोणत्याही शेडमध्ये जाऊन ही फाइल उघडा, 'तात्पुरतं' हा शेरा सापडेल, आणि त्याच्यापुढची तारीख वाचून तुम्हाला कोविडच्या आधीचे दिवस आठवतील.

भाऊ चुकीचे नसतात, ही त्यांच्यातली खरी अडचण. चुकणाऱ्या माणसावर ओरडता येतं. जुनी दारं बंद करायलाच हवी होती, हे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. साम्बानं २०१९ साली ४.११ आवृत्तीत एसएमबी-१ मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हाही त्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. (साम्बा म्हणजे लिनक्सकडून विंडोजला फायली देणारी व्यवस्था. तिच्याविषयी भाऊ बोलायला लागले की डिस्पॅचच्या पोराला गब्बर आठवतो आणि तो एकटाच हसतो.) पण त्यामुळे आता एक्सपीनं ऑफिसच्या फोल्डरात डोकावायचं तेही थांबलं. भाऊंनी एक ओळ इकडे घातली, 'तात्पुरतं' लिहिलं आणि निघाले.

खरी कसोटी लागली ती कर्नल ५.१५नं. ऑक्टोबर २०२१च्या शेवटच्या दिवशी ते आलं आणि त्यात पासवर्ड पटवण्याच्या जुन्या, कच्च्या पद्धती मुळासकट उपटून टाकलेल्या होत्या. ऑफिसात बॅकअपचा एक जुना डबा आहे, त्याला तेवढीच पद्धत येते. ओळ होती तिथं होती, 'तात्पुरतं' होतं, पण डबा काही जोडला जाईना. भाऊंनी आदल्या दिवशी अपग्रेड केलेलं आणि दुसऱ्या दिवशी ते पुतण्याच्या साखरपुड्याला पैठणला. फोन बंद.

त्या दिवशी बिलिंगच्या मॅडमनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चुकून एस्केप दाबलं गेलं, काळी यादी आली, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' दिसलं. त्यांनी आत जाऊन तिसरी ओळ निवडली. पहिल्या दोन नव्या कर्नलच्या होत्या, तिसरी जुन्याची. सगळं पूर्वीसारखं चालायला लागलं. मॅडमनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'चालू करताना एस्केप. आत जाऊन तिसरी ओळ', आणि चिठ्ठी सेलोटेपनं मॉनिटरच्या कडेला चिकटवली. महिनाअखेर कशी गेली कळलं नाही.

भाऊ पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचली. नेहमीप्रमाणे पडद्याकडे बघत नव्हते, चिठ्ठीकडे बघत होते. जुन्या कर्नलवर परत जाणं म्हणजे भाऊंच्या दृष्टीनं उष्टं खाणं. "मॅडम, यात सिक्युरिटी पॅच नसतात," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "यात फोल्डर असतं." भाऊंनी चहा अर्धा ठेवला. हे पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

आता ते सॅकमधलं कार्ड. भाऊंचा एक उपाय आहे, आणि तो कुणीही ऐकून घेत नाही, कारण तोवर फोल्डर उघडलेलं असतं. लिनक्सच्या कॉम्प्युटरला दुसरं नेटवर्क कार्ड लावायचं. एक्सपी फक्त त्या कार्डाला जोडायचा. बाकी ऑफिसशी आणि इंटरनेटशी त्याचा संबंध तोडायचा. जुनी बोली त्या एका वायरीपुरती चालू राहील, बाहेरून कुणाला थेट शिरता येणार नाही, आणि बॅकअपचा तो जुना डबा बदलून टाकायचा, कारण त्याला काही इलाज नाही. एवढ्यानं ऑफिस नव्या कर्नलवर आणि मशीन जुन्या एक्सपीवर सुखानं नांदेल. भाऊंनी स्वतःच्या पैशानं कार्ड आणून ठेवलं आहे. प्रत्येक खेपेला ते सॅकमधून काढून टेबलावर ठेवतात, आणि प्रत्येक खेपेला शेठ म्हणतात, "बघू दिवाळीनंतर." भाऊ कार्ड परत सॅकमध्ये ठेवतात. किती दिवाळ्या झाल्या, विचारू नका.

तेव्हा वाळूज-चिकलठाण्याच्या समस्त शेठ मंडळींना विनंती. ते कार्ड हजार रुपयांच्या आत येतं. भाऊंना ते एकदा लावू द्या, पैसे त्याच दिवशी द्या, आणि ज्या दिवशी गाडी भरायची असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना कॉम्प्युटरजवळ एकटं सोडू नका. मॅडमची चिठ्ठी मात्र काढू नका.