पाटी एकाची, बिऱ्हाड दुसऱ्याचं

लिनक्सवर जावात लिहिलेला एखादा जुना प्रोग्राम उघडावा. खिडकीत काम नीट चालू असतं, पण टास्कबारवर नाव झळकतं 'सन-एडब्ल्यूटी-एक्स११-एक्सफ्रेमपीअर'. सन ही कंपनी ओरॅकलने 2010 मध्ये घेतली, तरी पाटी तिचीच. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव असतं ना, तसं. वारसनोंद कोणी करायची, यावर भाऊबंदकी सुरूच आहे.

गोम अशी, की लिनक्सच्या जुन्या 'एक्स११' पद्धतीत प्रत्येक खिडकी उघडताना 'डब्ल्यूएम-क्लास' नावाची ओळख सांगते. डेस्कटॉप ती ओळख '.डेस्कटॉप' फाइलींच्या दप्तरात शोधतो. जुळली तर नाव आणि चिन्ह मिळतं, नाही तर खिडकी जे पुटपुटली तेच पाटीवर. प्रोग्राम लिहिणारे म्हणतात, दोष डेस्कटॉपचा. डेस्कटॉपवाले म्हणतात, यांनी ओळखच धड सांगितली नाही. दोघांचंही म्हणणं खरं, म्हणून तर काम होत नाही.

तेव्हा अर्जदारानेच खेटे घालावेत. टर्मिनलमध्ये 'एक्सप्रॉप' चालवा, कर्सरचं अधिकचं चिन्ह झालं की त्या खिडकीवर क्लिक करा. डब्ल्यूएम-क्लासच्या ओळीत दोन नावं दिसतील, त्यातलं सहसा दुसरं उचला. ते '.डेस्कटॉप' फाइलीत 'स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास'पुढे जसंच्या तसं लिहा. मूळ फाइलीला मात्र हात लावू नका, स्वतःच्या होम फोल्डरातल्या '.लोकल/शेअर/अॅप्लिकेशन्स'मध्ये प्रत करून तीत लिहा. नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये तुमची दुरुस्ती पुसली जाईल आणि पणजोबा पुन्हा हजर!

'वेलँड' या नव्या पद्धतीच्या अस्सल खिडक्यांना एक्सप्रॉप लागू पडत नाही. त्यांचं कार्यालय वेगळं.