व्हीआरएसवाले काका

टिटवाळ्यात नवं बिऱ्हाड आलं की दोन गोष्टी त्याला कोणी न सांगता कळतात. संकष्टी मंगळवारी आली तर स्टेशनबाहेर रिक्षाची आशा धरायची नाही, ही पहिली. आणि आपल्या इमारतीत एक व्हीआरएसवाले काका आहेत, ही दुसरी. पहिली वर्षातून एक-दोनदाच सोसावी लागते. दुसरी रोज सकाळी सहाला खाली पाण्याच्या टाकीपाशी उभी असते.

वय पंचावन्नच्या आगेमागे. खाली बर्म्युडा, वर मात्र ऑफिसचाच चौकड्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर. चाल अशी की गाडी फलाटाला लागलीच आहे. हाक मारली तर थांबत नाहीत, फक्त वेग कमी करतात आणि म्हणतात, “बोला, काय प्रॉब्लेम?” आपल्याला काहीच प्रॉब्लेम नसतो. पण तसं सांगितलं तर ते इतके खट्टू होतात की माणूस माणुसकी म्हणून बेल वाजत नाही असं काहीतरी सांगून टाकतो. मग अर्ध्या तासात बेल खरोखरच वाजेनाशी होते.

या काकांमध्येही जाती आहेत. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा देशभरातून लाखभर माणसं बाहेर पडली. त्यातले जे इकडे आले ते बँकवाले काका. हे शांत असतात. सकाळी शेअर बघतात, संध्याकाळी व्याज मोजतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पलीकडे मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, तिथल्या कामगारांना मात्र या यादीत धरायचं नाही. त्यांना कोणी स्वेच्छा विचारलीच नव्हती. त्यांच्यातले एक आजोबा एकदा कट्ट्यावर म्हणाले, “तुम्हाला निदान विचारून काढलं.” त्या संध्याकाळी आमचे काका पाच मिनिटं गप्प होते. तेवढी शांतता कट्ट्यावर पुन्हा झाली नाही.

आमचे काका टेलिफोनवाले. एमटीएनएल १९८६ साली स्थापन झाली आणि काका त्यानंतर दोन-तीन वर्षांत चिकटले. तो काळ असा, की फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत आणि फोन लागला की पेढे वाटत. लाइनमनला पहिल्या पंगतीचा मान होता. एवढं करून काकांच्या स्वतःच्या घरचा फोन ते कधीच दुरुस्त करू शकले नाहीत. एमटीएनएलची हद्द तेव्हा ठाण्यापर्यंत होती, कल्याणपासून पुढे बीएसएनएल. घरचा फोन मुका झाला की काकू आशेने त्यांच्याकडे बघत आणि काका पेपर वर धरून म्हणत, “आपली हद्द नाही.” हे वाक्य त्यांनी पुढे घरातला केर काढण्यापासून मुलांच्या गणितापर्यंत सगळीकडे वापरलं.

मग २०१९ची दिवाळी आली. २३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही कंपन्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना मंजूर केली. पन्नाशी ओलांडलेल्या कोणीही अर्ज करावा. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचा पगार, राहिलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा. ४ नोव्हेंबरला खिडकी उघडली, ३ डिसेंबरला बंद. आता एवढा मोठा निर्णय माणसाने कुठे घ्यावा? काकांनी तो टिटवाळा लोकलमध्ये घेतला. गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि बसलेला माणूस हिशेब करतो. कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागे पस्तीस गुणिले, पंचवीस गुणिले असे आकडे पडले. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या एका मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने, ज्याचा या विषयाशी काडीचा संबंध नव्हता, “घेऊन टाका” असं सांगितलं. डोंबिवली येईपर्यंत काका मोकळे झाले होते.

काकूंना हे सगळ्यात शेवटी कळलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

“म्हणजे तुम्ही घरी असणार?”

“हो.”

“रोज?”

या एका शब्दात पुढचं सबंध वर्ष होतं. पण काका तेव्हा पैसे कुठे ठेवायचे या विचारात होते.

३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. एमटीएनएलमधून चौदा हजारांवर आणि बीएसएनएलमधून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं एकाच दिवशी निवृत्त झाली. एरवी निरोप समारंभाला एक जण जातो आणि बाकीचे खोटं बोलतात. इथे ज्याने हार घालायचा त्याच्याच गळ्यात हार. काकांच्या सेक्शनमध्ये भाषण करायला कोण उरतं याची चौकशी झाली, तेव्हा एक मुलगा सापडला. तो दीड वर्षापूर्वी लागलेला. त्याने सगळ्यांना मिळून एकच भाषण केलं आणि नावं कागदावरून वाचली.

शनिवारी पहाटे काका नेहमीच्या वेळी उठले. सोमवारी तर निघालेच. “अगं, पास मार्चपर्यंतचा आहे, वाया कशाला घालवायचा?” आणि खरोखर, फेब्रुवारीभर हे गृहस्थ रोज डबा घेऊन दादरला जात, गाडीतल्या ग्रुपबरोबर भजन म्हणत, फलाटावर उतरून चहा पीत आणि उलट गाडीने परत येत. डबा घरी येऊन खात. काकूंना हे आतून पसंत होतं, असा माझा अंदाज आहे. दुपारपर्यंत का होईना, घर त्यांचं होतं.

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. जगाच्या दृष्टीने ती महासाथ होती. काकूंच्या दृष्टीने काकांचं निवृत्त होणं त्या दिवशी सुरू झालं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून झाली. तीस वर्षं ज्याने केबलमधल्या शेकडो तारा रंगावरून ओळखल्या, त्याला काकूंची डब्यांची मांडणी बघवेना. हळदीच्या डब्यात मोहरी, मोहरीच्या डब्यात साबुदाणा आणि साबुदाण्याच्या डब्यात भिशीचे पैसे. काकांनी रंगीत चिकटपट्ट्या आणल्या आणि टेलिफोनच्या नियमाने डबे लावले: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. तूरडाळ पांढरा-निळा, मूगडाळ पांढरा-नारिंगी, पुढे लाल-निळा, लाल-नारिंगी. पद्धत निर्दोष होती. फक्त ती काकांनाच येत होती. “अहो, हिंग कुठे गेला?” असं विचारलं की काका वही उघडून “काळा-तपकिरी” असं सांगत. हिंगाचा डबा शेवटी फोडणी करपल्यावर सापडे. चौथ्या दिवशी काकूंनी सगळ्या पट्ट्या गरम पाण्यात घालून काढल्या. भिशीचे पैसे मात्र साबुदाण्यातून कुठे हलवले, ते अजून काकांना कळलेलं नाही.

मग रजिस्टर आलं. घरातली प्रत्येक तक्रार नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, निवारणाची वेळ लिहायची. आयुष्यभर १९८ या नंबरवर लोकांच्या फोनच्या तक्रारी आल्या, त्या संस्कारातून माणूस सुटत नाही. “गॅस संपत आलाय” याला क्रमांक सात. “तुम्ही जरा बाहेर बसा” याला क्रमांक अकरा. त्याच्यापुढे ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ असा शेरा.

मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होती. तिच्या मीटिंगमध्ये साहेबांचा आवाज तुटायला लागला, तेव्हा काका बनियनवर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, लाइनला नॉइज आहे. एकदा ठेवून परत लावा.” मुलीने आठवडाभर कॅमेरा बंद ठेवला. मुलाचं कॉलेज मोबाइलवर भरायचं. तिथे काकांनी प्राध्यापकांना एक शंका विचारली. ती शंका बरोबर होती, हे मुलाचं खरं दुःख.

मधल्या काळात धंदे झाले. एप्रिलात देवगडचा हापूस मागवून सोसायटीत विकायचा ठरला. उधारी इतकी झाली की फायद्यात फक्त रिकाम्या पेट्या राहिल्या, त्यात आता काकूंच्या कुंड्या आहेत. वासिंदच्या प्लॉटची दलाली एका फोनपुरती टिकली. मोदकाचा बेत उत्तम होता, कारण टिटवाळ्याचा महागणपती, इथे मोदकाला मरण नाही. पण देऊळ मार्चात बंद झालं होतं ते १६ नोव्हेंबरला, पाडव्यालाच उघडलं. तोपर्यंत घरच्यांनीच मोदक खाल्ले.

आता जरा गंभीर बोलू. निवृत्त माणूस घरात लुडबुड करतो, असं आपण हसत हसत म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण या काकांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना जे काम उत्तम येत होतं, त्याची गरजच जगातून उठली होती. तांब्याची तार संपली. घराघरातले काळे फोन आधी कपाटावर गेले आणि मग भंगारात. कामाची किंमत मिळाली, हिशेब चोख झाला. पण हाताला असलेली विद्या त्या पस्तीस आणि पंचवीसच्या गणितात कुठेच नव्हती.

३ जूनला ‘निसर्ग’ वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या गल्लीत गुलमोहराची एक फांदी पडली, पण ती नेमकी इंटरनेटच्या तारेवर. तीन इमारती बंद. केबलवाल्याचा बाविशीतला मुलगा शिडी घेऊन आला आणि पावसात बराच वेळ खटपट करत राहिला. काका छत्री घेऊन खाली उभे. त्याने काळी तार सोलली आणि आतून केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा बाहेर आल्या. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी.

छत्री बाजूला झाली. “अरे,” काका म्हणाले, “हे तर आपलंच आहे!”

ते अगदीच चुकीचं नव्हतं. तांबं गेलं आणि काच आली, पण रंगांची रांग तीच राहिली होती. पहिले पाच तर ओळीने तेच. पुढे पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हेही ओळखीचे. त्या मुलाकडे यंत्र होतं, पण फांदीखाली मोडलेली तार पुढे कुठे ताणली गेली असेल याचा अंदाज नव्हता. काकांनी खांब मोजले, वर बघितलं आणि तिसऱ्या खांबावर बोट दाखवलं. दोष तिथेच होता. दुसऱ्या दिवसापासून काका त्या मुलाबरोबर फिरायला लागले. काच कशी कापायची, कशी सांधायची, मीटरवर उणे सत्तावीस दिसलं तर का दचकायचं, हे ते त्याच्याकडून शिकले. ज्या माणसाने तीस वर्षं हाताखालच्यांना नुसतं “ए” म्हणून हाक मारली, तो या पोराला “सर” म्हणे. पोरगं आधी लाजलं, मग सवय झाली.

काका अर्थातच पैसे घेत नसत. “आपल्याच लोकांचे काय घ्यायचे?” हे वाक्य सलग दोन महिने ऐकल्यावर काकू रजिस्टर घेऊन बसल्या. काकांच्या सुवाच्य अक्षरात क्रमांक, पत्ता, वेळ, दोष, सगळं होतं. काकूंनी फक्त शेवटी एक रकाना वाढवला: ‘रुपये’.

२१ ऑक्टोबरपासून सरकारने लोकलमध्ये सगळ्या बायकांना प्रवासाची मुभा दिली, सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी सातनंतर. पुरुषांना नाही. काकांना स्वतःचा मीटर हवा होता आणि तो लॅमिंग्टन रोडला मिळणार होता. त्या दिवसांत टिटवाळा स्टेशनवर एक दृश्य दिसलं: काका स्कूटरवरून काकूंना सोडायला आले, हातात मीटरच्या मॉडेलची चिठ्ठी दिली, खिडकी कोणत्या बाजूची घ्यायची, दादरला पूल कुठला चढायचा, ग्रँट रोडला कुठे उतरायचं, हे सगळं सांगितलं आणि गेटबाहेर उभे राहिले. काकू खिडकीशी बसून गेल्या. परतल्या तेव्हा हातात मीटर होता, बिलावर घासाघीस करून कमी केलेली रक्कम होती आणि एक बातमी होती: “तुमच्या दादरला उगीच गर्दी म्हणता हो. मला तर छान वाटलं.” त्यानंतर माल आणायला त्याच जातात. धंद्याचा मोबाइल त्यांच्याकडे असतो. काकांनी नोकरी सोडली आणि बदली काकूंची झाली, असं आमच्या इमारतीत म्हणतात. काकूंना हे मान्य नाही. त्या बढती म्हणतात.

१ फेब्रुवारी २०२१ला लोकल सगळ्यांसाठी उघडल्या, सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. ग्रुपवर निरोप आला, पहिल्या गाडीला भेटू. काकांनी उत्तर पाठवलं की सकाळी मांड्यात दोन तक्रारी आहेत, बघतो. गेले नाहीत.

तर मांडा-टिटवाळ्यात कुठे नेट बंद पडलं तर काकूंना फोन करा. त्या क्रमांक देतील, तो लिहून घ्या, कारण त्याशिवाय काका शिडीला हात लावत नाहीत. पैसे काकांच्या हातात देऊ नका, ते परत करतात. आणि “सध्या काय करता?” असं त्यांना चुकूनही विचारू नका. ते सांगतात.