दाखवायला नेलेली मंडळी

करडीत आमच्याकडे पाहुणा आला, की त्याला चपला काढायची उसंत मिळत नाही. काकाजी ओसरीवरून उतरता उतरताच म्हणतात, "राहू द्या जी पायात, आताच निघाचं हाय."

दिवाळी आटोपली, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. धान कापून बांध्यांत पडलेलं असतं, सोयरेधायरे गोळा होतात. रात्री दंडार नाहीतर नाटक, दिवसा काकाजी.

मागच्या मंडईला मी पुण्याचे तीन मित्र नेले. कार्यक्रम काकाजींनी आधीच ठरवून ठेवला होता: सकाळी कोक्याचं जंगल, दुपारी आंधळगावचा कोसा, संध्याकाळी आंबागडचा किल्ला. नकाशावर तर सगळं एका दिवसात बसत होतं. पण नकाशात सोयरे दाखवलेले नसतात.

सहाला निघालो. सव्वासहाला पहिला चहा. रस्त्यातूनच काकाजींची हाक जायची, "घरी हाय का जी?" आणि माणूस बाहेर येईपर्यंत आम्ही त्याच्या खाटेवर बसलेलो असायचो. "घोटभर" म्हणजे भरला कप, आणि "नाही" म्हटलं तर सोबत चिवडा. पहिल्या घरी माझा एक मित्र होता 'पुन्याचा, कंपनीतला'. दुसऱ्या घरी इंजिनियर झाला. चौथ्या घरी पोचेपर्यंत 'अमेरिकेच्या कंपनीचे मोठे सायब'. तो बिचारा एका कॉल सेंटरात रात्रपाळी करतो. त्याने एकदा तोंड उघडलं, "काका, मी फक्त फोन..."

"पाहा," काकाजी घरवाल्याला म्हणाले, "मोठा मानूस असाच बोलते."

वाटेत एक तलाव लागला. मित्रांना हौसेने सांगायला लागलो, की इकडची तळी गोंडराजांच्या अमलात कोहळी लोकांनी बांधली, मालगुजार गेले तरी नाव मालगुजारी तलावच राहिलं, आजही त्यांच्या पाण्यावर धान पिकतं. एवढं होईस्तोवर काकाजींनी पाळीवरून जाणारा एक सायकलवाला थांबवून त्याला आमचे पगार सांगितले होते. (आकडे ऐकून आम्हालाच बरं वाटलं.)

कोक्याच्या फाटकावर पोचलो तेव्हा सकाळच्या गाड्या परतत होत्या. 2013 मध्ये अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. काकाजींच्या लेखी ही कालची गोष्ट. तिकिटाची खिडकी बंद, मित्रांची तोंडं उतरलेली. काकाजींना मात्र फाटकावरचा रखवालदार दूरच्या नात्यातला निघाल्याचा आनंद मावेना. "वाघ कंदीबी दिसते जी," ते म्हणाले, "पन हे आज ड्युटीवर हायत." अकराव्या घोटाला मी मोजणं सोडलं.

आंधळगावात माझ्या लक्षात आलं, की दाखवायचा ऐवज आम्हीच होतो. वैनगंगा ओलांडून एका कोष्ट्याच्या घरी गेलो. माणूस कसबी. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्याचा कोष, उकळून त्याचं सूत कसं काढतात, हे तो मागावरचा धोटा न थांबवता सांगत होता. मित्राने विचारलं, एका लुगड्याला किती दिवस लागतात? त्याचं उत्तर यायच्या आत, मित्राला शिकायला किती वर्षं लागली ते काकाजींनी सांगून टाकलं. मग धोटा थांबला. घरातली माणसं बाहेर आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. आम्हीही, कारण नसताना, जरा सरळ बसलो.

किल्ला राहूनच गेला. काकाजींना त्याचं काही नाही. "थो कुठं पळते? येच्या सालीबी राहीनच."

रात्री मंडईत काकाजींनी एकही दुकान बघू दिलं नाही, थेट नाटकाच्या मंडपात नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उघडायच्या आधी माईकवरून पुकारा झाला: अमेरिकेहून खास नाटक पाहायला आलेले पाहुणे. मंडपातल्या माना आमच्याकडे वळल्या. मागून एका आजीने कॉल सेंटरवाल्याच्या खांद्याला हात लावला.

"तुमीच का जी अमेरिकेचे?"

दिवसभर त्याने हे नाकारलं होतं. या वेळी मागे वळून, हात जोडून म्हणाला, "होय जी."

आणि तिच्या थरमासातला घोटभर चहा घेतला.