गागोद्याची नोंद आणि वरळीची वंशावळ

२०१५च्या ऑगस्टअखेरीस मराठवाड्यात पावसाचा पत्ता नव्हता, बातम्यांना मात्र उधाण आलं होतं. २५ ऑगस्टला इंद्राणी मुखर्जीला स्वतःची मुलगी शीना बोरा हिच्या खुनाच्या आरोपावरून अटक झाली आणि त्या रात्रीपासून अहमदपूर ते धर्माबाद प्रत्येक घरात एक वंशावळ पोहोचली. लातूरच्या नळाला पाणी कधी येणार हे ठामपणे सांगणारा माणूस शहरात सापडत नव्हता. वरळीच्या मार्लो इमारतीत कोण कोणाचा कितवा नवरा, कोणाचा मुलगा कोणत्या लग्नातला आणि बहीण म्हणून मिरवलेली मुलगी प्रत्यक्षात कोणाची, हे मात्र पानटपरीवरचा पोरगाही न अडखळता सांगत होता. या विषयाची स्पर्धा परीक्षा निघाली असती तर लातूर पॅटर्नने पहिले शंभर क्रमांक सहज आणले असते. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन आली, तेव्हा कॅमेरे लातूरलाही आले. त्यांनी रेल्वेचे डबे दाखवले. पाणी संपलं कसं, हे दाखवायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

कॅमेऱ्याच्या या सवयीबद्दलच बोलायचं आहे. श्रीमंतांच्या घरातला खून लोक चवीनं वाचतात ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात फारसा दम नाही. लोक वाचणारच. खरी तक्रार अशी की या प्रकरणात जे खरोखर भयंकर होतं, ते मार्लोच्या दिवाणखान्यात नव्हतंच. ते पेणला होतं. २३ मे २०१२ रोजी पेण तालुक्यात गागोदे परिसरात, म्हणजे विनोबांच्या जन्मगावच्या शिवारात, जळालेल्या मृतदेहाचे अवशेष मिळाले. गावच्या पोलीस पाटलानं कळवलं, पोलीस आले, नमुने जे. जे. रुग्णालयाकडे रवाना झाले आणि उरलेलं तिथेच पुरण्यात आलं. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला नाही. अकस्मात मृत्यूची साधी नोंदही झाली नाही. गळफास असो, विहिरीतलं प्रेत असो की सर्पदंश, आपल्याकडे अकस्मात मृत्यूचा कागद तयार झाल्याशिवाय नातेवाइकांना सरणावर लाकूड ठेवता येत नाही. इथे मात्र जळकं प्रेत सापडूनही सगळं ठाण्याच्या दैनंदिनीत आटोपलं आणि तीन वर्षं तिथेच राहिलं. एक बाई बेपत्ता आहे आणि एक प्रेत बेवारस आहे, ही दोन टोकं जोडायला गुप्तहेर लागत नाही. नोंद लागते. ती का झाली नाही याची चौकशी २०१५ साली लागली, पण त्या चौकशीचं पुढे काय झालं हे विचारणारा रात्रीचा कार्यक्रम काही निघाला नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीला तीन नवरे नव्हते, हाच काय तो तिचा दोष.

माध्यमांच्या रेट्यामुळेच असली दडलेली प्रकरणं उजेडात येतात, असं एक लाडकं समर्थन आहे. या प्रकरणाला ते लावून पाहा. शीना दिसेनाशी झाली २४ एप्रिल २०१२ला. पुढची तीन वर्षं कोणत्याही वाहिनीला तिची आठवण झाली नाही, आणि संशयितांच्या घरातली दोन माणसं तर एका वाहिनीची मालकच राहिलेली होती. प्रकरण उघडलं ते २१ ऑगस्ट २०१५ला, खार पोलिसांनी इंद्राणीचा जुना ड्रायव्हर श्यामवर राय याला पिस्तूल बाळगल्यावरून पकडलं तेव्हा. पुढचा क्रम सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण तो पाहण्यासारखा होता : पोलीस आयुक्त राकेश मारिया जातीनं चौकशीला बसले, ८ सप्टेंबरला त्यांना बढती देऊन आयुक्तालयातून हलवण्यात आलं, तपास सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबरात इंद्राणीचे पती पीटर मुखर्जीही आत गेले. जानेवारी २०१७मध्ये आरोप निश्चित झाले आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली. साक्ष, उलटतपासणी, पंचनामा, हाडांची ओळख. नेमक्या याच वळणावर प्रेक्षागृह रिकामं झालं. साडेसहा वर्षं तुरुंगात काढल्यावर मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंद्राणीला जामीन दिला, त्याचं कारण पटकथेत बसण्यासारखं नव्हतं. साक्षीदार २३७, तपासून झालेले ६८. उरलेल्यांतले निम्मे सरकार पक्षानं सोडून दिले तरी खटला लवकर संपणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. जवळजवळ सात वर्षांची वार्ताहरी एका परिच्छेदात मावली आणि ती न्यायालयालाच लिहावी लागली.

मग २०२४ उजाडलं. नेटफ्लिक्सनं इंद्राणीवर मालिका काढली, तेव्हा सीबीआय उच्च न्यायालयात धावली : खटला सुरू आहे, अशी मालिका दाखवली तर न्यायावर परिणाम होईल. न्यायालयानं प्रदर्शन आठवडाभर थांबवलं, मालिका स्वतः पाहिली आणि आक्षेप घेण्यासारखं काही नाही म्हणून २९ फेब्रुवारीला सोडून दिली. पुराव्याच्या पावित्र्याची एवढी काळजी वाहणाऱ्या सीबीआयच्या वकिलांनी त्याच उन्हाळ्यात विशेष न्यायालयाला सांगितलं, की गागोद्याला सापडलेली हाडं मिळत नाहीत. पुढच्याच महिन्यात ती मिळाली. दिल्लीला, सीबीआयच्याच कार्यालयात. हे विनोदी लेखकानं रचलं असतं तर संपादकानं ‘अतिरंजित’ म्हणून परत पाठवलं असतं. तरीही बहुतेक घराघरांत पोहोचली ती मालिकाच. हाडं आतल्या पानावर राहिली.

आता जरा आपल्या मुलखाकडे या. ज्या २०१७ साली मुंबईत आरोप निश्चित झाले, त्याच वर्षी जुलैत नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यात थेरबनला एका भावानं आपल्या बहिणीचा आणि तिच्यासोबत निघालेल्या तरुणाचा खून केला. लग्नाला दीड महिनाही झाला नव्हता, ती सासरहून निघून गेली होती. घरातलाच खून, घरातलाच आरोपी, मागे तीच अब्रूची भाषा. भोकरच्या सत्र न्यायालयानं २०१९मध्ये भावाला फाशी सुनावली. २०२१च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ती कायम केली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून फाशीची जन्मठेप केली. तीन न्यायालयं, सहा वर्षांच्या आत. वरळीच्या खटल्यात एवढ्या काळात न्यायाधीशांची खुर्चीसुद्धा काही महिने रिकामी राहिली. न्याय मोजायचं माप निकाल हेच असेल, तर मुंबईकरांनी सहल काढून भोकर बघायला यावं.

पण भोकरची बाजू लावून धरताना गुलाल उधळायचं कारण नाही. एकाच पुराव्यावर दोन न्यायालयांना जो माणूस फासावर जाण्याइतका वाईट वाटला, तोच तिसऱ्याला सुधारण्याजोगा वाटला. त्याचं वय, मागचा स्वच्छ इतिहास, तुरुंगातलं वागणं, वार कसे झाले याची वैद्यकीय बाजू, यावर तो निर्णय फिरला. ‘दुर्मिळातलं दुर्मीळ’ म्हणजे काय, यावर थेरबनच्या शेजारच्या गावात चर्चा व्हायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणतं? फाशीची बातमी पहिल्या पानाची असते, ती रद्द झाल्याची आतल्या पानाची, आणि ती का रद्द झाली हे सांगायला पान उरत नाही. तेव्हा गावात अजून ‘त्याला फाशी झाली’ एवढंच सांगितलं जात असेल तर दोष गावाचा नव्हे. पुढच्या भावाला त्यातून काय समजायचं ते तो समजेल.

पेणच्या ठाण्याशी ताडून बघायला आणखी एक ठाणं जवळच आहे. जानेवारी २०२३मध्ये नांदेडजवळच्या पिंपरी महिपाल गावात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला तिच्या घरच्यांनीच मारलं, शेतात जाळलं आणि राख ओढ्यात टाकली, असा आरोप झाला. इथे प्रेत नव्हतं, कवटी नव्हती, तक्रार करणारं कोणी नव्हतं. तक्रार करायला हवी होती तेच आरोपी निघाले. होती ती फक्त गावातली कुजबुज. लिंबगाव पोलिसांनी ती मनावर घेतली आणि आठवड्याच्या आत वडील, भाऊ, मामा यांच्यासह पाच जणांना अटक झाली. म्हणजे प्रेत हातात असूनही मुंबईच्या कुशीतल्या ठाण्याला तीन वर्षं खून दिसला नाही, आणि नुसत्या अफवेवरून लिंबगावला तो दिसला. असं का झालं? तिथे कोणाचा फोन आला, इथे का आला नाही, की इथला अधिकारीच वेगळा होता? खुनाच्या तपासाबद्दल महाराष्ट्राला शिकण्यासारखा हाच प्रश्न आहे, आणि तो विचारायला नाट्यरूपांतराची, पार्श्वसंगीताची, अर्धवट उघड्या दाराच्या चित्रीकरणाची काडीची गरज नाही. लिंबगाव मालिकेत येणार नाही. तिथे समुद्र दिसत नाही.

यावर जेसिका लाल खटल्याचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं, आणि ते नीट झेललं पाहिजे. फेब्रुवारी २००६मध्ये सगळे सुटले, माध्यमांनी रान उठवलं आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. रेट्याचा उपयोग झाला हे खरं. पण तो रेटा कशाचा होता? साक्षीदार कसे फिरले, कोणी फिरवले, पहिल्या तपासात काय गाळलं गेलं, हे त्या वेळी खणून काढलं गेलं. म्हणजे ज्याला मी कंटाळवाणा भाग म्हणतोय, त्याचीच ती वार्ताहरी होती. उलट बाजूचं उदाहरण आरुषीचं. २००८च्या खुनानंतर आईबापांच्या चारित्र्याचे धिंडवडे काढून वाहिन्यांनी निकाल लावून टाकला, २०१३मध्ये न्यायालयानं शिक्षा दिली आणि ऑक्टोबर २०१७मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं पुराव्याअभावी दोघांना सोडलं. वाहिन्यांचं अपील मात्र कुठे होत नाही. सुशांतसिंह प्रकरणानंतर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१मध्ये बजावलं, की तपास चालू असताना समांतर खटला चालवणं, कबुलीजबाब पुरावा असल्यासारखा नाचवणं, गुन्हा रंगवून दाखवणं हे न्यायात ढवळाढवळ करणं आहे. निकालपत्र चांगलं जाडजूड होतं. त्यावर कुठल्या वाहिनीनं नाट्यरूपांतर केल्याचं ऐकिवात नाही.

‘लोकांनाच ते हवं असतं’ या युक्तिवादाचं वय या सगळ्या खटल्यांहून मोठं आहे. १९५९च्या नानावटी खटल्यात करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं आरोपीची बाजू घेऊन असा धडाका लावला, की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. तेव्हा लोकांना हवं ते दिलं की अंक खपतो, यात वाद नाही. वाद एवढाच, की पेणच्या ठाण्यातली गोष्ट लोकांना कधी वाढून पाहिली होती का. पंगतीत जिलबी पहिल्यांदा वाढायची आणि वरणभाताकडे कोणी बघत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, त्यातला हा प्रकार.

आणि आता खुद्द नांदेडावर कॅमेरे आलेच. नोव्हेंबर २०२५मध्ये शहरात एका तरुणाचा खून झाला, आरोप प्रेयसीच्या घरच्यांवर आला आणि त्या मुलीनं त्याच्या मृतदेहाशी लग्न लावून घेतलं. ते दृश्य देशभर फिरलं. तिचं धाडस मोठं होतं, त्यावर टिंगल करण्याची कोणाची लायकी नाही. पण तिनं त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सांगितली होती : दोन पोलिसांनी आपल्या भावाला चिथावलं, असा तिचा आरोप होता. आरोप खरा की खोटा हे चौकशीनं ठरायचं. हळदकुंकवाचं ते दृश्य मात्र प्रत्येक फोनमध्ये शंभरदा आलं, आणि पोलिसांबद्दलचं वाक्य किती फोनमध्ये आलं याचा ज्यानं त्यानं आपापल्या फोनमध्ये शोध घ्यावा. पुन्हा घर दिसलं, ठाणं दिसलं नाही.

राहता राहिला तालुका वार्ताहर. त्याच्याकडून कोर्टात बसण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. त्याच्या मानधनात पेट्रोलही सुटत नाही, वर दिवाळी अंकाच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती त्यानंच गोळा करायच्या. ज्या नेत्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच मेव्हण्याच्या खटल्याला त्यानं कसं बसायचं? पण खर्चाचं कारण आता निम्मं उरलं आहे. सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सवर कोणत्याही सत्र खटल्याची पुढची तारीख आणि निकाल फुकट दिसतो. नांदेडला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथून एखादा अहवाल यायला किती महिने लागले, हे आरोपपत्राच्या तारखेशी ताडून पाहायला ओबी व्हॅन लागत नाही. शिवाजीनगरच्या पुलावर ट्रॅफिक अडवून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी त्याच दिवशी कोर्टाच्या कँटीनमध्ये एक चहा घेऊन सरकारी वकिलाला विचारावं : साक्षीदार किती, तपासून झाले किती, आणि त्या दोन पोलिसांच्या चौकशीचा कागद कोणत्या टेबलावर आहे. मालिकावाल्यांनी यायचं असेल तर खुशाल यावं. हाडं दिल्लीला कशी गेली त्याचा एक भाग आधी करून आणावा, मग थेरबनची वाट आम्ही दाखवू.