मनी, तुनी

जळगावात होळी पेटली की दुसऱ्या दिवशी गच्च्यांवरचे कूलर उघडतात. तसा मीही वर गेलो, प्लास्टिक ओढलं, बाजूची जाळी काढली आणि आतल्या वाळक्या गवतात चार पिल्लं दिसली. डोळे जेमतेम किलकिले झालेले, म्हणजे आठ-दहा दिवसांची. आई कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. भाडं थकलेला भाडेकरू घरमालकाकडे बघतो तसं नाही. पागडी भरलेला बघतो तसं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमचं कितवं, हे विचारायची सोय नव्हती. मी जाळी परत लावली आणि खाली येऊन सांगितलं, की यंदा कूलर उशिरा. जळगावात हे वाक्य बोलायला किती छाती लागते, ते पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचं नाही. एप्रिलमध्ये पारा 42वर गेला तेव्हा आम्ही फरशीवर पाणी शिंपडून झोपत होतो आणि घरातला एकमेव कूलर वरच्या मजल्यावर बाळंतिणीची खोली झाला होता. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नयेत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. डॉक्टर अर्थातच गुरांचे.

त्यांनी आणखी एक सांगितलं. शेजारच्या काकू रोज वाटीभर गाईचं दूध ठेवत आणि पिल्लांची पोटं बिघडत. मांजराला गाईचं दूध बहुधा पचतच नाही म्हणे! बालवाडीपासून भिंतीवर पाहिलेलं वाटी-मांजराचं चित्र त्या दिवशी उतरलं. काकूंना मात्र ते पटलं नाही. ‘मग म्हणीतलं मांजर डोळे मिटून काय पितं?’ असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

मे उजाडला आणि घरं शोधायची वेळ आली. मांजर पाळायचंय असं म्हणणारे पुष्कळ असतात. पण ‘उद्या आणू का?’ म्हटलं की त्यांच्याकडे पाहुणे यायचे असतात. एकानं निळे डोळे मागितले. ह्या वयात पुष्कळ पिल्लांचे थोडेफार निळे असतात, पुढे बदलतात, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं आणि स्थळ गेलं. एकाला बोकाच हवा होता, पिल्लांची कटकट नको म्हणून. तांबूस मांजरांत बोकेच जास्त निघतात, ते खपलं. एका शाकाहारी घरानं विचारलं, ‘वरणबट्टीवर राहील का?’ मी म्हटलं, पहिल्या दिवशी राहील.

एका आजोबांची अडचण निराळी होती. चुकून पाय पडून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही त्यांची पक्की समजूत. मांजर घडवून द्यायला आमचा सराफ बाजार समर्थ आहे. पण तोळा लाखापुढे गेल्यावर एवढी जोखीम कोण घेणार? ते हात जोडून म्हणाले, “चांदीचा भाव असता तर बघितलं असतं.”

दोन पिल्लं एका डाळ मिलमध्ये गेली. तिथं मुलाखत झालीच नाही. पोत्यांमागून खुडबुड ऐकू आली आणि नेमणूक झाली. उरली एक तिरंगी. तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे बोकेवाल्यांकडे तिची डाळ शिजली नाही. तिला मनी म्हणायला लागलो होतो. मांजराचं नाव मनी, त्यात डोकं कसलं लावायचं?

शेवटी धुळ्याच्या मावशीची आठवण झाली. झाकणाची टोपली मांडीवर घेऊन एसटीत बसलो. एरंडोलपर्यंत टोपली गप्प होती, पारोळ्याला तिनं गळा काढला. कंडक्टरनं टोपलीकडे आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “माहेरी चालली का सासरी?”

धुळ्याला बेवारसांना घर द्यायची जुनी सवय आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी माळ्यांवरून, अडगळींतून दप्तरं जमवत उभा महाराष्ट्र पालथा घातला. 1926च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागदांचा प्रश्न सुटला. शिवाय जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, म्हणजे सात घरं फिरणाऱ्या मांजराला मोजायची सोय.

मावशीनं टोपली उघडली. मनीनं आधी टोपलीचा काठ हुंगला, मग मावशीच्या पायाचा अंगठा, आणि तिथंच बसून पंजा चाटायला लागली.

“हिनं नाव काय शे?”

“मनी.”

“तुनी? मंग आठे काबर लयना?”

अहिराणी मला कळते; बोलताना शाळेतले गुरुजी आडवे येतात. घरात आजी ‘मनं लेकरू’, ‘मनी माय’ म्हणायची, ते ऐकत वाढलो. तरी महिनाभर त्या पिल्लाला उठता-बसता ‘माझी, माझी’ म्हणतोय, हे लक्षात आलं नव्हतं. मी सारवासारव केली, म्हटलं नाव बदल हवं तर. मावशी म्हणाली, कशाला, बरं आहे की.

परतीच्या एसटीत टोपली फारच हलकी लागली.

पिल्लांच्या आईचं ऑपरेशन करून घेतलं, नाहीतर दिवाळीआधीच पुन्हा बाळंतपण निघालं असतं. तिला नाव ठेवलं नाही, द्यायचीच म्हणून. दर रविवारी मी धुळ्याला फोन लावतो आणि विचारतो, “मनी कशी आहे?”

“मनी झकास शे,” मावशी म्हणते. “तुनी कशी शे?”

तुनी कूलरवर बसलेली असते.